राजनंदिनीचा डोळा आणि भामाबाईंचा नवस

नाव राजनंदिनी आणि जन्म उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातलाच प्रकार. चकलांब्याच्या त्रिंबकने पोरीचं नाव ठेवताना विचार केला असणार, की राज्य काही आपल्या हातात नाही, नाव तर आहे.

ती सहा वर्षांची असताना आईच्या मागे फडात फिरत होती आणि उसाचं पान तिच्या डाव्या डोळ्याला चाटून गेलं. हे पान दिसायला गवतासारखं, पण कड करवतीची. तिच्या आईने, मंजुळाबाईने, शेजारच्या कोपीतल्या बाळंतिणीचं दूध डोळ्यात घातलं. कुणी मध सांगितला, तोही घातला. ऊसतोड संपवून गावी परत येईपर्यंत बुबुळावर पांढरं फूल धरलं होतं. दिसणं गेलं, उजेड-अंधार तेवढा कळायचा. आणखी एक गोष्ट गेली, ती मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या डोळ्याला खुपणंच कळेनासं झालं. धूळ गेली, चिलट गेलं, तरी पोर डोळा चोळायची नाही. मंजुळाबाई कौतुकाने म्हणायची, माझी राजू लई सोशीक. सोशीक कसली? डोळा बधिर झाला होता.

पुढे तो बधिरपणा डोळ्यापुरता राहिला नाही. गेवराईच्या कॉलेजातून ती बी.ए. झाली आणि घरात पाहुणे यायला लागले. यायचे, पोहे खायचे, मुलीला वर बघ म्हणायचे, मुलगी वर बघायची, आणि पाहुणे खाली बघायचे. "कळवतो" म्हणून जायचे आणि कळवायचे नाहीत. सुरुवातीला ती रडली. नंतर रडणंही थांबलं. पाहुणे गेले की ती ताटल्या गोळा करायची, घासायची, पालथ्या घालायची. मंजुळाबाई दाराआड डोळे पुसत असायची आणि मुलगी विचारायची, रात्रीला भाकरी किती थापू? आईला वाटायचं, पोरीने मन घट्ट केलं आहे. मन घट्टबिट्ट काही नव्हतं. तिला खरंच काही वाटत नव्हतं.

मग गेवराईच्या चष्म्याच्या दुकानदाराने त्रिंबकला सांगितलं, की बुबुळाचं चित्र छापलेली मऊ लेन्स मिळते, घातली की फूल झाकतं. बाप-लेक छत्रपती संभाजीनगरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे लेन्स बसवणारी करिष्मा नावाची मुलगी होती. तिने चांगल्या डोळ्याचा फोटो काढला आणि त्याच्याशी रंग जुळवून लेन्स मागवली. लेन्स आली तेव्हा तिने ती बोटावर धरून राजनंदिनीला दाखवली. दह्यावरच्या सायीसारखी ती बोटावर थरथरत होती.

"भिजवलेला साबुदाणा माहीत आहे ना?" करिष्मा म्हणाली. "तसंच समजा. हिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून ती मऊ. ते पाणी उडालं की कडक होते. डोळ्यावर असते तेव्हा वरून वारा तिचं पाणी घेतो आणि खालून ती तुमचे अश्रू ओढते. अश्रू पुरले नाहीत की आकसते, कडा उचलतात, आणि पापणी लवताना बाहेर पडते. म्हणून थेंब घालत राहायचं. साधं पाणी चालणार नाही. अश्रू खारट असतात, तिचं पाणीही तेवढंच खारट लागतं. साध्या पाण्यात ती जास्तीचं पिऊन सुजते, आणि त्यातले जंतू डोळ्यात जातात ते वेगळंच."

मग तिने लेन्स घातली आणि विचारलं, "टोचतंय?"

"न्हाई."

करिष्माने कापसाची बारीक वात डोळ्याला टेकवून पाहिली. पापणी हलली नाही. "मग तुम्हीच जास्त जपायचं," ती म्हणाली. "बाकीच्यांना डोळा सांगतो, आता कोरडं झालं, काढा. तुमचा डोळा काही सांगणार नाही."

आरशात राजनंदिनीने पाहिलं. दोन डोळे होते, सारखे. त्रिंबकने तोंड फिरवून उपरण्याने नाक पुसलं. तिला मात्र आरशातली ती कुणीतरी दुसरीच वाटली, आणि त्या दुसरीबद्दलही तिला काही वाटलं नाही.

लेन्स आली आणि लग्न जमलं. मुलगा अभिमन्यू, केजपासून जीपने अर्ध्या तासावरच्या गावातला. स्वतःची काळीपिवळी जीप चालवायचा. वडील वारलेले, घरात आई भामाबाई, थोडी कोरडवाहू जमीन. साखरपुडा झाल्यावर राजनंदिनीने फोनवर त्याला सगळं सांगून टाकलं. मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे, म्हणून. तो म्हणाला, "मला काय न्हाई त्याचं. पर मायला आत्ता नगं सांगू. मी सांगतो मागून." हे "मागून" म्हणजे काय, ते बायकांना लग्नानंतर कळतं.

भामाबाई बाई भली. एवढं लांबलचक नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने सुनेला नंदा करून टाकलं. पहाटे उठून स्वतः चूल पेटवायची आणि सुनेला म्हणायची, "झोप गं, माहेरची झोप आजून सरली न्हाई तुजी." पण नंदा कुठली झोपते? सासू दिसायच्या आत लेन्स डोळ्यात गेली पाहिजे. सकाळी घातलेली लेन्स दुपारनंतर काढायला सांगितलेली, ती रात्री खोलीचं दार लागेपर्यंत डोळ्यात राहायची. थेंब घालायचे तेही न्हाणीत जाऊन. डोळा लाल व्हायचा, पण दुखत नव्हता. जे दुखत नाही त्याची काळजी माणूस किती करणार?

आणि मग एप्रिलात गल्लीतल्या बायका सून बघायला आल्या.

भामाबाईने नव्या सुनेला मानाने थेट कूलरसमोर बसवलं. कूलर होता, पण त्यात घालायला पाणी कुठलं? टँकर येऊन चार दिवस झाले होते. तेव्हा तो नुसता कोरडाच फिरत होता आणि पत्र्याखालची तापलेली हवा भट्टीच्या भात्यासारखी राजनंदिनीच्या तोंडावर मारत होता. बायका बोलत होत्या, हसत होत्या, तिला नाव घ्यायला लावत होत्या. न्हाणीत जाऊन थेंब घालायचे तर उठायला हवं, आणि मधूनच उठणारी सून कुणाला आवडते? ती पदर सावरून बसून राहिली. वारा लेन्सचं पाणी घेत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शेजारची मुक्ताबाई भामाबाईची जन्माची मैत्रीण. दोघींची लग्नं एकाच साली, बाळंतपणं पाठोपाठ. तिने राजनंदिनीची हनुवटी उचलली आणि म्हणाली, "भामे, लई देखणी सून आणलीस बग. डोळं तर नुसतं हरणीवानी."

राजनंदिनी पाया पडायला वाकली. पापणी लवली. ती वर झाली तेव्हा बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. एकीने तोंडावर हात ठेवला. आत्तापर्यंत तपकिरी असलेला डोळा पांढरा पडला होता, सगळ्यांच्या देखत.

राजनंदिनीने मांडीवर पाहिलं. पदराच्या घडीत लसणाच्या सालीसारखं काहीतरी पडलं होतं, तपकिरी, कडेला मुरडलेलं. तिने ते मुठीत घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण तिची मूठ त्या दिवशी फार महाग पडली. तेव्हाच ती उघडली असती तर हसं झालं असतं, चार दिवस बोलणं झालं असतं, आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती मूग गिळून बसली. लोक म्हणतात खोटं बोलायला धाडस लागतं. गप्प बसायला काहीच लागत नाही, म्हणून तर सगळे गप्प बसतात.

भामाबाईला लेन्स ठाऊक नव्हती, नजर ठाऊक होती. तिने लगेच मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या सुनेवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर जबर, हे तर पोरंसोरंही सांगतील. भामाबाई मुक्ताबाईकडे वळली. "मुक्ते, ऊठ. ह्या घराची पायरी चढू नगं आता." मुक्ताबाई उठली. चपला पायात न घालता हातात घेऊन गेली.

आणि भामाबाईने देव्हाऱ्यासमोर पदर पसरून नवस बोलला. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला चांदीचे डोळे वाहीन, आणि पोरीचा डोळा बरा होईपर्यंत मिठाचा कण पोटात घालणार नाही.

रात्री अभिमन्यूला सगळं कळलं. त्याने डोक्याला हात लावला आणि मग त्याला एकदम सुचलं. "नवी लेन्स मागवू. तू घातली की मायचा नवस फिटल. चांदीचं डोळं मी आणतो. सगळेच खूश." राजनंदिनीने करिष्माला फोन केला. करिष्मा म्हणाली, वाळलेली लेन्स परत घालू नका. भिजवली तर तशीच दिसेल, पण तिला न दिसणाऱ्या चिरा गेलेल्या असतात. नवी बनवायला वेळ लागेल, रंग जुळवायला जुनी तशीच कोरडी पाठवून द्या. अभिमन्यू म्हणाला, कुरिअर करू. आज करू, उद्या करू, असं करत डबी राजनंदिनीच्या पर्समध्ये पडून राहिली.

घरात आता रोज दोन वरणं व्हायची. सासूचं आधी काढून ठेवायचं, मग उरलेल्यात मीठ टाकायचं. हे काम सुनेचं. भामाबाई अळणी वरण, अळणी भाकरी खायची आणि वर म्हणायची, "काय न्हाई गं, सवय होती माणसाला." एकटी बसली की मुक्ताबाईच्या भिंतीकडे बघायची. मुक्ताबाईला गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलवेना. आपल्यामुळे एक बाई उपाशासारखी जेवते आहे आणि दुसरी वाळीत पडली आहे, हे राजनंदिनीला दिसत होतं. चांगल्या डोळ्याने स्वच्छ दिसत होतं. तरी ती सकाळी उठायची, झाडायची, दोन वरणं करायची. मनात काही हलत नव्हतं. नवी लेन्स येईल, मग होईल सगळं, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या. त्या उन्हात भामाबाई सकाळपासून उपटत होती. घामाने पातळ अंगाला चिकटलं, घाम वाळला, पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटले. अंगातलं मीठ असं बाहेर पडत होतं आणि आत काही जात नव्हतं. तहान लागली की ती तांब्यावर तांब्या साधं पाणी प्यायची. आधी पायात गोळे आले. मग उलटी झाली. मग ती बांधावर बसली आणि तिथेच कलंडली.

अभिमन्यूने तिला जीपमध्ये आडवं केलं आणि केजच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावायला सांगितलं आणि अभिमन्यूला औषधं आणायला पिटाळलं. राजनंदिनी खाटेजवळ उभी राहिली. गावात आता सगळ्यांनी फूल पाहिलंच होतं, तेव्हा डोळा उघडाच होता.

थोडी शुद्ध आल्यावर भामाबाईने वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं. "काय हाय वो ह्यात?"

"मीठपाणी हाय मावशी," सिस्टर म्हणाली. "अंगातलं मीठ लई कमी झालंय तुमच्या."

"मीठ?" भामाबाईने दुसऱ्या हाताने नळी धरली. "काढा हे."

सिस्टरने हात धरला. डॉक्टर धावत आले. त्यांनी समजावलं, रागावले, शेवटी म्हणाले, "अहो, हे तोंडाने खायचं नाही. शिरेतून जातंय."

"आत जातंय का न्हाई?" भामाबाई म्हणाली. "मंग झालं तर." आणि तिने सुई ओढून काढली. चादरीवर रक्ताचे थेंब पडले.

डॉक्टर राजनंदिनीकडे वळले. "हे असंच राहिलं तर मेंदूला सूज येईल, झटके येतील. समजवा त्यांना. मला जबरदस्ती करता येणार नाही." आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले.

राजनंदिनी खाटेच्या कडेला टेकली. "आत्याबाई, मला नजर लागली न्हाई. हे फूल लहानपणचं हाय. उसाचं पान लागलं होतं."

"येडी का खुळी? मांडवात बगितला की मी तुजा डोळा. समद्यांनी बगितला."

तेव्हा राजनंदिनीने पर्समधून डबी काढली. वाळलेली लेन्स तळहातावर घेऊन दाखवली. मग सिस्टरकडून एका वाटीत त्याच बाटलीतलं मीठपाणी मागून घेतलं आणि लेन्स त्यात सोडली. आधी काहीच झालं नाही. साल तरंगत राहिली. मग तिची एक कड हलली. मुरड सुटत गेली, साल फुगत गेली, पसरली, वाटीसारखी गोल झाली आणि सावकाश तळाला बसली. तपकिरी कडं, मधे काळी बाहुली. वाटीच्या तळातून एक डोळा वर बघत होता.

भामाबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"ह्यो त्यो डोळा?"

"होय."

"अभ्याला ठावं होतं?"

"होय. लग्नाच्या आधीपासून."

भामाबाईने डोळे मिटले. राजनंदिनीला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या नाहीत. राजनंदिनीने सिस्टरला खूण केली. सिस्टर नवी सुई घेऊन आली. भामाबाईने हात चादरीखाली घेतला.

"कावून?" राजनंदिनी म्हणाली. "सांगितलं नव्हं सगळं? नजर न्हाई ती."

"मी काय नजरेसाठी बोलले व्हय? डोळा बरा हुईस्तवर मीठ खाणार न्हाई, आसं बोलले. झाला का बरा?"

"न्हाई."

"हुणार हाय का?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. आईने नाही, बापाने नाही, पाहुण्यांनी नाही. सगळे झाकायचं कसं ते विचारत आले. "न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई."

"मंग?" भामाबाई म्हणाली. "देवीला बोललेलं माघारी घेता येतंय का?"

बाटली टांगलेली होती, नळीच्या टोकाला थेंब धरून. तिकडे घराघरात एक रीत आहे. नवस फेडायच्या आधी म्हातारं माणूस गेलं, तर तो सुनेने किंवा लेकाने अंगावर घ्यायचा. राजनंदिनीने तळहात पुढे केला. "तुमचा नवस मला द्या. डोळा माजा हाय."

"जित्या माणसाचा घेत न्हाईत."

"मी घेते."

भामाबाईने डोळे उघडले आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांकडे, एकामागून एक. मग तिने उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली मागितली. तिने सुनेच्या तळहातावर पाणी सोडलं. "आई योगेश्वरी, आजपासून ह्यो हिचा." आणि दुसरा हात सिस्टरपुढे केला.

दोन दिवसांनी ते घरी आले. भामाबाईने जीप मुक्ताबाईच्या दारात थांबवायला लावली. अभिमन्यूशी ती वाटभर बोलली नव्हती. तो हात द्यायला पुढे झाला, तर त्याचा हात बाजूला सारून उतरली. मुक्ताबाई उंबऱ्यात आली. भामाबाई एवढंच म्हणाली, "चुकलं माजं मुक्ते. नजर तुजी न्हवती." मुक्ताबाईने विचारलं नाही, मग कुणाची होती. तिने आत जाऊन पाणी आणलं आणि दोघी पायरीवर बसून राहिल्या.

संध्याकाळी चुलीपुढे भामाबाई स्वतः बसली. बस म्हणाली सुनेला, आज मी वाढते. अभिमन्यूचं ताट झालं, भामाबाईचं झालं. राजनंदिनी ताटासमोर बसली आणि थांबली. आपल्याला माहीत नसताना ती कशाची तरी वाट बघत होती. "राहू दे पोरी, दवाखान्यात म्हणलीस ते म्हणलीस," असं कुणीतरी म्हणेल असं तिला वाटत होतं. अभिमन्यू खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. भामाबाईने चुलीच्या कडेला आधीच काढून ठेवलेली वाटी उचलली आणि सुनेपुढे सरकवली.

"ह्यात न्हाई घातलं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. राजनंदिनीने भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तोंडात घातला. तिला वाईट वाटलं. खूप वर्षांनी तिला काहीतरी वाटलं होतं, आणि ते इतकं होतं की ताट समोर तसंच ठेवून ती रडली. भामाबाईने तिला रडू दिलं आणि वरण गार व्हायच्या आत जेव म्हणाली.